कोण्ही नाही

दिव्यश्रीने आणलेलं आवाज टिपायचं यंत्र काडेपेटीएवढं होतं. सकाळी आज्जीची अंघोळ झाली की ती ते तिच्या खांद्यावर, पदराच्या आतल्या बाजूला पिनेने अडकवायची आणि म्हणायची, "आता हे विसरून जा. नेहमीसारखं बोल."

"मी एकटी बाई. बोलणार कोणाशी?" वेंकटलक्ष्मी विचारायची. "भिंतीशी?"

"भिंतीशी बोललीस तरी चालेल की."

दिव्यश्री पुदुच्चेरीला भाषाशास्त्र शिकत होती. तिच्या चेन्नईच्या घरी तमिळच चाले. बाप विजयेंद्र आईशी फोनवर बोलताना तेवढा मराठीत शिरायचा आणि फोन ठेवला की बाहेर पडायचा. मुलगी मराठी शिकली ती सुट्ट्यांमध्ये, कुंभकोणम्‌ला आज्जीकडे. आता तिला अभ्यासासाठी हवी होती तंजावूरकडच्या मराठी घरांतली रोजची भाषा. व्याख्यानातली नको, चुलीपाशी बोलतात ती. नऊ दिवस ती आज्जीच्या खांद्यावर यंत्र लावत होती आणि मागच्या पडवीत बसून, कानांत इअरफोनची बोंडं घालून, ऐकलेलं उतरवून काढत होती.

वेंकटलक्ष्मीचं घर मेलकावेरीत, नदीपासून दोन गल्ल्या आत. रुंदीला एक खोली आणि लांबीला चार. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मग माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि शेवटी आड. दार उघडं असलं की ओट्यावरून थेट आड दिसे. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी ती रेशमी साड्यांना फॉल लावायची आणि पदराचे गोंडे बांधायची. तिरुभुवनम्‌च्या साड्या लग्नघरातून तिच्याकडे येत. सदुसष्टाव्या वर्षीही तिची गाठ एकसारखी पडे. नवरा, वेणुगोपाळराव, चार वर्षांपूर्वी गेले. विजयेंद्र तेव्हापासून चेन्नईला बोलावत होता. ती दर वेळी काही ना काही कारण काढायची. हे घर आपल्याला का सोडवत नाही, ते तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी दिव्यश्री लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. मोठी खुशीत होती.

"आज्जी, तुझे शब्द मोजले. सगळ्यांत जास्त काय म्हणतेस सांगू? 'की'. त्याच्या खाली 'नि'. मग 'आता'. मग 'असू दे'."

"एवढ्यासाठी नऊ दिवस घालवलेस?"

"थांब गे. हे एकेकटे शब्द झाले. जोडीने येणारे शब्द वेगळे मोजतात. त्यात पहिलं काय आलंय माहीत आहे? 'कोण्ही नाही'. एकसष्ट वेळा!" दिव्यश्रीने पडद्यावर बोट टेकवलं. "आमच्या मॅडम नाचतील बघ. महाराष्ट्रात 'कोणी' म्हणतात. 'कोण्ही' आता जुन्या मोडी कागदांतच सापडतं म्हणे. आणि तू एकसष्ट वेळा!"

वेंकटलक्ष्मीच्या हातातली सुई थांबली. "मी? मी कधी म्हटलं?"

"ऐकवते."

यंत्रातून आधी पंख्याची घरघर आली. मग कात्रीचा आवाज. बाहेर कुठेतरी नारळाची झावळी पडली. आणि लगेच एका बाईचा आवाज आला, दबका नि घाईचा: "कोण्ही नाही."

दिव्यश्रीने दुसरं ऐकवलं. सायकलची घंटी, आणि "कोण्ही नाही." तिसऱ्यात तर बाहेरचा आवाजसुद्धा नव्हता. नुसता पंखा, आणि मग तेच.

"मला कळत नाही ते एवढंच," नात म्हणाली, "की तू उत्तर कोणाला देतेस? तुझ्या आधी कोणी काही विचारलेलंच नाही. मी मागे जाऊन जाऊन ऐकलं. आणि तुझा आवाजही इथे वेगळा येतो. पातळ, लहान मुलीसारखा."

"एकटं राहून सवय लागते," वेंकटलक्ष्मी म्हणाली. "बंद कर ते."

दिव्यश्रीने बंद केलं. आपल्या वहीत त्या जागी तिने 'स्वगत' असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती पुदुच्चेरीला निघून गेली.

आवाज लहान मुलीचा नव्हता. बावीस वर्षांच्या सुनेचा होता. वेंकटलक्ष्मीने तो ऐकताक्षणी ओळखला होता.

पुढचे दिवस ती स्वतःच्या मागावर राहिली. आपलंच तोंड आपल्याला सापडू नये ही काय गंमत, असं वाटून पहिले तीन दिवस तिने नुसते कान टवकारले. काही सापडलं नाही. चौथ्या दिवशी एका नवरीची मोरपंखी साडी मांडीवर होती, दोन वाजायला आले होते. रस्त्यावर कोणाची तरी स्कूटर थांबली. स्कूटर थांबली हे तिच्या ध्यानात येण्याआधीच तिच्या तोंडून शब्द निघून गेले होते. आणि मान किंचित मागे वळली होती. स्वयंपाकघराकडे.

तिथे सासू बसायची. खांबाला टेकून, पाय पसरून, जेवणानंतरचं पान चघळत. सासूला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. ज्या कानांसाठी ते उत्तर होतं, ते कान केव्हाच राख होऊन कावेरीत वाहून गेले होते. आणि ही रोज दुपारी त्या खांबाला उत्तर देत होती.

संध्याकाळी ती समोरच्या मीनाक्षीबाईंकडे गेली. मीनाक्षीबाई ऐंशीच्या घरातल्या. अर्धं आयुष्य दोघींनी समोरासमोरच्या ओट्यांवर काढलेलं.

"एक विचारते. मी आपल्या आपण काही बोलते का?"

मीनाक्षीबाईंनी फुलांची परडी खाली ठेवली. "आज विचारतेस होय? बोलतेस की. 'कोण्ही नाही, कोण्ही नाही.' मी एकदा तुझ्या यजमानांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'तिला कळत नाही ती म्हणते ते. तिला विचारू नका.'"

"केव्हाची गोष्ट?"

"तुमचा विजू शाळेत जायचा तेव्हाची."

म्हणजे वेणुगोपाळराव ऐकत होते. चाळीस वर्षं ऐकून गप्प राहिले, आणि तसेच गेले. गल्लीला ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं. जिच्या तोंडातून निघत होतं तिला तेवढं ठाऊक नव्हतं. ती घरी आली, दिवा न लावता ओट्यावर बसली, आणि इतकी वर्षं जे आठवायचं नाही म्हणून बांधून ठेवलं होतं ते तिने सोडलं.

१९७९ साल. आषाढ संपत आला होता. विजू दहा महिन्यांचा. वेंकटलक्ष्मीची धाकटी बहीण अलमेलु, वय एकोणीस, चोळपुरम्‌ला दिलेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासर वाईट होतं असं सगळे दबक्या आवाजात म्हणत. पण वाईट म्हणजे किती, ते कोणी विचारत नसे. त्या वैशाखात अलमेलु एकदा बसने एकटीच बहिणीच्या दारी आली होती. मनगटावर भाजल्याचा डाग होता. दोन दिवस राहिली. नवरा येऊन घेऊन गेला, आणि जाताना ओट्यावर उभं राहून वाटेल ते बोलला. सासूने त्या दिवशी वेंकटलक्ष्मीला सांगितलं, "पुन्हा ती या दारात आली, तर तिच्याबरोबर तूही जायचंस. मूल येथे राहील."

आणि मग ती दुपार. जेवणं झाली होती. वेंकटलक्ष्मी विजूला खांद्यावर थोपटत होती. कडी वाजली. तिने दार थोडंसं उघडलं. पायरीवर अलमेलु उभी होती. अनवाणी. पायांना पोटऱ्यांपर्यंत धूळ. ती काही बोलली नाही, फक्त बहिणीकडे बघत राहिली.

आतून, खांबापासून, सासूचा आवाज आला, "कोण आलं गे?"

"कोण्ही नाही," वेंकटलक्ष्मी म्हणाली.

आणि तिने दार लावलं.

मागून ती आडापाशी गेली, मागचं दार उघडून बोळात बघितलं. बोळ रिकामा होता. तिला वाटलं, अलमेलु तिरुभुवनम्‌ला माहेरी गेली असेल. तिसऱ्या दिवशी तिथून मोठा भाऊ रंगा सायकल मारत आला. घामाने भिजलेला. अलमेलु घरातून गेली होती, माहेरी पोचली नव्हती. चोळपुरम्‌चे लोक सांगत होते, तिला उत्तरेला, कोळ्ळिडम नदीकडे चालत जाताना कोणीतरी बघितलं. "तुझ्याकडे आली होती?" रंगाने विचारलं. सासू तिथेच उभी होती. वेंकटलक्ष्मी नाही म्हणाली. त्या दिवशी नाही म्हटलं म्हणून दुसऱ्या दिवशी म्हणावं लागलं, आणि महिन्याने, आणि वर्षाने.

रंगा टपाल खात्यात होता. अकरा वर्षं, दर रविवारी, तो अलमेलुचा फोटो खिशात घालून कोळ्ळिडमच्या काठाकाठाने गावं धुंडाळत राहिला. तो निघायच्या आदल्या दिवशी कुंभकोणम्‌ला काही कामाने आला, तर वेंकटलक्ष्मी त्याला चिंचेचा भात बांधून द्यायची. केळीच्या पानात, वर सुतळी. भाऊ चुकीच्या दिशेला चालला आहे हे ठाऊक असताना तिने त्याला शिदोरी दिली. एकदा नव्हे, किती वेळा ते तिला आता मोजता येईना. आई अलमेलुचं नाव घेत गेली. बाप न घेता गेला. मग रंगाचे गुडघे गेले आणि शोध थांबला.

ओट्यावर बसल्या बसल्या वेंकटलक्ष्मीला पहिल्यांदा उमगलं की आपण हे घर का सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिरुभुवनम्‌च्या बसमध्ये चढली. रंगा चौऱ्याहत्तर वर्षांचा, बायको गेलेली, मुलगा तिकडेच मागच्या खोलीत हातमागाच्या कामात. रंगा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. बहिणीला बघून त्याने चष्मा काढला.

"लक्ष्मी? आज काय वार? सांगून नाही आलीस."

"अण्णा, मला एक सांगायचं आहे. मी उभ्यानेच सांगते."

तिने सांगितलं. मधे थांबली नाही, रडलीही नाही. मागे माग खटखटत होता, म्हणून तिला आवाज चढवून बोलावं लागलं. ज्या गोष्टीचा तिने आयुष्यभर सुगावा लागू दिला नव्हता, ती तिने ओरडून सांगितली. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पण मी तिला हाताने खूण केली होती, अण्णा. मागच्या बोळात ये म्हणून. तिला ती कळली नसेल."

रंगाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्याने टपालवाल्याच्या सवयीने, पत्ता विचारावा तसं विचारलं, "विजू कोठे होता?"

"माझ्या खांद्यावर."

"कोणत्या?"

"डाव्या. डाव्या हाताने धरला होता."

"दार एकदम उघडलं होतंस?"

"नाही. बोटभर. फळी धरून ठेवली होती, वाऱ्याने उघडू नये म्हणून."

"कोणत्या हाताने?"

"उजव्या," ती म्हणाली, आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

खूण करायला हातच मोकळा नव्हता. पंचेचाळीस वर्षं ती खूण तिने स्वतःला दाखवली होती. बोटं अशी वळली, मनगट असं फिरलं, अलमेलुने मान हलवली. इतकी स्पष्ट की ती कोणालाही करून दाखवली असती. ती कधी झालीच नव्हती. झालं होतं ते एवढंच, दोन शब्द आणि दार.

ती भिंतीला धरून खाली बसली. रंगाने तिला उठवलं नाही.

"साडी कोणती होती?" त्याने विचारलं.

"पिवळी. काठ उसवलेला."

"पिशवी?"

"हातात काही नव्हतं."

"मी अकरा वर्षं लोकांना निळी सांगत होतो," रंगा म्हणाला. "तिच्या सासूने निळी सांगितली होती." मग तो उठला, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आतल्या दारापर्यंत गेला आणि पाठमोराच म्हणाला, "आता तू जा."

ती गेली. बसमध्ये तिच्या शेजारी एक बाई मांडीवर साड्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. तिने तमिळमध्ये विचारलं, बरं वाटत नाही का? वेंकटलक्ष्मीला "काही नाही" म्हणायचं होतं. ते तोंडातून येईना. "बरं वाटत नाही," ती म्हणाली, आणि त्या अनोळखी बाईने कुंभकोणम् येईपर्यंत तिचा हात धरून ठेवला.

रंगाने आठ दिवस फोन उचलला नाही. नवव्या दिवशी दुपारी त्याचाच आला. "तिने काही खाल्लं होतं का?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही, अण्णा."

"चेहऱ्यावरून काय वाटलं?"

तिने डोळे मिटले. "ओठ सुकलेले होते."

 पलीकडून फोन बंद झाला.

त्यानंतरच्या बुधवारी तो स्वतः आला. एकटा, बसने, काठी घेऊन. ओट्यावर चढला नाही. पायरी दाखव म्हणाला. तिने दाखवली. तो त्या पायरीवर उभा राहिला आणि रस्त्याकडे तोंड करून बघत राहिला. डावीकडे गेलं तर नदीचा घाट. उजवीकडे बसचा रस्ता, पुढे स्टेशन.

"येथून ती कोणीकडे वळली असेल?"

"मी बघितलं नाही."

"हो. तू दार लावलं होतंस." त्याने ते चिडून म्हटलं नाही, नोंद करावी तसं म्हटलं. मग म्हणाला, "घाटावर त्या दिवसांत पाणी भरपूर होतं. आषाढात लोकही असतात. बुडाली असती तर कोणीतरी काढली असती, चर्चा झाली असती, हा भाग लहान होता. मी रात्रंदिवस पोलिसांकडे जात होतो. या घाटाचं कोणी काही बोललं नाही. मला वाटतं, ती स्टेशनकडे गेली."

"जिवंत असेल?"

"मला वाटतं असं म्हटलं. आहे असं नाही म्हटलं."

वेंकटलक्ष्मीने त्याला आत बोलावलं. तो आला नाही. कॉफी घेतोस का विचारलं, तर त्याने मान हलवली आणि कडेच्या हॉटेलात जाऊन प्यायला. पण परत आला. ओट्याच्या टोकाला टेकून त्याने खिशातून कागद काढला. त्यावर रेल्वेच्या मार्गावरची गावं लिहिली होती, आणि प्रत्येक गावापुढे निराधार बायकांना ठेवतात त्या संस्थांची नावं. मुलाकडून फोनवर शोधून घेतली होती.

"मला एकट्याला आता होत नाही," तो म्हणाला. "तू येशील. तुला यायलाच पाहिजे."

तेव्हापासून दोघं दर बुधवारी जातात. वेंकटलक्ष्मीने विजयेंद्रला सगळं सांगितलं, दिव्यश्रीलाही.  दिव्यश्रीने फोनवर विचारलं, "आज्जी, ते ध्वनिमुद्रण मी पुसून टाकू?" वेंकटलक्ष्मी म्हणाली, ठेव. तुझ्या मॅडमना पाहिजे तर दे, पण त्यापुढे 'स्वगत' लिहू नकोस.

शब्द गेलेले नाहीत. अजून दुपारी झावळी पडली की तोंडात येतात. फरक एवढाच, की आता तिला ते ऐकू येतात. ती सुई ठेवते, उठते आणि दार उघडून पायरीवर बघते. मीनाक्षीबाई समोरून बघतात आणि काही विचारत नाहीत. कधी कधी तिला धुळीच्या पावलांचा भास होतो, इतका खरा की ती वाकून हात फिरवते. दगड उन्हाने तापलेला असतो.

रंगाने तिला क्षमा केली आहे असं नाही. तो बसमध्ये तिच्यापुढच्या बाकावर बसतो. स्वतःचं जेवण स्वतः आणतो. दोन तास काही बोलत नाही आणि मधेच मागे वळून एखादं विचारतो: केस विंचरलेले होते का, कानांत काही होतं का. तिला आठवत असेल तर ती सांगते. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणते. बनवून काही सांगत नाही.

गेल्या बुधवारी मयिलाडुतुरैच्या एका संस्थेत टेबलामागच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं की ज्यांना शोधता त्या कधीपासून बेपत्ता आहेत, शेवटी कोणी पाहिलं. रंगा उत्तर द्यायला वाकला. मग थांबला, आणि त्याने पेन बहिणीच्या हातात दिलं.

वेंकटलक्ष्मीने तमिळमध्ये लिहिलं: अलमेलु. वय चौसष्ट. शेवटचं पाहणाऱ्याचं नाव, या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं. बाईंनी ते वाचलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि आतल्या खोलीत रजिस्टर बघायला गेल्या. वीस मिनिटांनी परत आल्या. त्या नावाची, त्या वयाची तिथे एकही बाई नव्हती. एक होती, नाव न सांगणारी, साठीच्या पुढची. दोघं तिला पाहून आले. ती अलमेलु नव्हती. तरी वेंकटलक्ष्मी तिच्या खाटेपाशी थोडा वेळ बसली, आणि रंगा दारात काठीवर रेलून तिची वाट बघत उभा राहिला.

पुढच्या बुधवारी शीर्काळीला जायचं आहे.